हॅकर व्हायचंय, पण कॉम्प्युटर नको

ताई, तुमचं पत्र वाचून आधी हसूच आलं, सॉरी. मुलगा बारावी कॉमर्सला, कोडिंगचा कंटाळा, आणि म्हणतो मला हॅकर व्हायचंय, कायद्याचा! सोसायटीत पाहुण्यांच्या गाडीला तीन तास पार्किंग फ्री, तर हा मामाला दर अडीच तासांनी गेटबाहेर एक चक्कर मारून यायला लावायचा, असं चार दिवस चाललं, सेक्रेटरी भडकले आणि तुम्हाला वाटतंय पोरगं लबाड निघतंय की काय.

मला नाही वाटत तसं. खोटं बिल लावणं ही चोरी. नियमात लिहिलंय ते नीट वाचून, लिहिणाऱ्याच्या डोक्यातही आलं नव्हतं ते करून दाखवणं ही पळवाट, आणि ती शोधून द्यायची लोक चांगली फी घेतात.

पक्षांतराचंच बघा. १९६७ ला हरियाणात गया लाल यांनी पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलला, आयाराम गयाराम हे तिथलंच. १९८५ ला ५२वी घटनादुरुस्ती झाली, दहावं परिशिष्ट आलं, पक्ष सोडला की आमदारकी गेली. पण त्यात एक खिडकी उघडी ठेवली, एक तृतीयांश आमदार मिळून फुटले तर चालेल. म्हणजे किरकोळीत केलं तर पाप, घाऊकमध्ये केलं तर माफ! २००३ च्या ९१व्या दुरुस्तीने ती खिडकी बंद केली, दोन तृतीयांश आमदार मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर चालेल, ही तेवढी ठेवली. मग २०१९ ला कर्नाटकात काय केलं, तर फुटायचंच नाही, राजीनामे द्यायचे, सभागृहातली संख्या घटली की बहुमताचा आकडाही खाली येतो, सरकार पडलं. स्पीकरने १७ जणांना अपात्र ठरवलं, सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं पण पोटनिवडणूक लढवायची मुभा दिली, आणि त्यातले बरेचजण डिसेंबरमध्ये नव्या पक्षाकडून निवडूनही आले. (महाराष्ट्राचं नको काढूया, पत्र संपायचं नाही.)

पैशातही हेच. छोट्या बाटलीतलं खोबरेल खायचं की डोक्याला लावायचं? खाद्यतेल म्हटलं तर ५ टक्के जीएसटी, हेअर ऑइल म्हटलं तर १८. एक्साइजच्या काळापासूनचं हे भांडण, डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की निव्वळ बाटली छोटी म्हणून ते हेअर ऑइल होत नाही. आणि सप्टेंबर २०२५ पासून हेअर ऑइलच ५ टक्क्यांवर आलं, विषय संपला. हेतू तो नसेलही, पण मला हे जाम आवडलं, शंभर अटी घालत बसण्यापेक्षा दोन दरांतला फरकच गेला की पळवाट शोधून मिळणार काय.

आता त्याचं. वाद घालायला आवडत असेल तर पाच वर्षांचं लॉ, त्यासाठी सीईटी किंवा क्लॅट ही प्रवेश परीक्षा. आकड्यांत रमत असेल तर सीए फाउंडेशन आणि पुढे टॅक्स, पण तिथे हेही शिकावं लागेल की १ एप्रिल २०१७ पासून गार (GAAR, कर टाळण्याविरुद्धचा सर्वसाधारण नियम) लागू आहे, व्यवहाराचा मुख्य हेतूच कर वाचवणं असला आणि एरवी त्यात धंद्याचा अर्थ नसला, तर कागद कितीही चोख असू दे, आयकर खातं तो मोडीत काढू शकतं. दोन्ही एकदम करायचा हट्ट पहिल्याच वर्षी नको. तिसरी वाट फारशी कुणी सांगत नाही, पदवीनंतर पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप असते, एका खासदाराबरोबर राहून विधेयकं वाचायची, सभागृहासाठी प्रश्न काढायचे. भोकं शोधायची नजर तिथे ती बुजवायच्या कामी येते, आणि खरं सांगू, मला त्याच्यासाठी हीच जास्त पटते.

तोवर दहावं परिशिष्ट डाउनलोड करून त्याच्या हातात द्या, फार मोठं नाहीये, कंटाळला तर हॅकरचं खूळ आपोआप उतरेल. आणि सेक्रेटरींना म्हणावं, पार्किंगचा नवा नियम त्याच्याकडूनच लिहून घ्या.