वाचकांचे प्रश्न : खिशाला परवडणारा वेग

प्रश्न : नोकरीत स्थिरावल्यावर हौसेची पहिली गाडी घ्यावी, असे मनात आहे. हाताशी असलेल्या पैशांत दोनच पर्याय दिसतात. एक म्हणजे थोडी वापरलेली, टर्बो इंजिनाची, दोनशे अश्वशक्तीच्या आसपासची हॅचबॅक. दुसरा म्हणजे तिच्या जवळपास निम्म्या ताकदीची, पण हलकी, कापडी टपाची दोन आसनी माझ्दा एमएक्स-५, तीही पहिल्या पिढीतली. मित्रमंडळी एकमुखाने हॅचबॅक घे म्हणतात. आपले मत काय?

उत्तर : केवळ पिकअपचा प्रश्न असेल, तर मित्रांचे म्हणणे बरोबर आहे. 1989 साली आलेल्या त्या एमएक्स-५ला 1.6 लिटरचे, सुमारे 115 अश्वशक्तीचे इंजिन होते, आणि सरळ रस्त्यावर आजची टर्बो हॅचबॅक तिला सहज मागे टाकील. परंतु आपल्या पत्रात ‘हौसेची’ हा शब्द आहे, आणि हौस भागते की नाही हे गाडीत किती ताकद आहे यापेक्षा त्यातली किती आपल्याला रोज वापरता येते यावर ठरते. दोनशे अश्वशक्तीची गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच वेगमर्यादेला जाऊन भिडते आणि मग उरलेला सगळा वेळ आपण तिला आवरत बसतो. हलक्या गाडीत मात्र तोच रस्ता, तीच मर्यादा पाळूनही, गिअर बदलण्यात, योग्य जागी ब्रेक लावण्यात आणि वळण नेमके साधण्यात सरतो.

शिवाय वाढीव ताकदीचा उपयोग फक्त वेग घेताना होतो. कमी वजनाचा फायदा वेग घेताना, ब्रेक लावताना आणि वळताना अशा तिन्ही वेळी मिळतो, आणि टायरही कमी झिजतात. 1976 साली विक्रीला आलेल्या पहिल्या गोल्फ जीटीआयचेच पाहा. 110 अश्वशक्ती आणि जेमतेम 810 किलो वजन, म्हणजे टनामागे सुमारे 136 अश्वशक्ती. आजची दीडशे अश्वशक्तीची, चौदाशे किलोची एखादी गाडी या हिशेबात 107च्या आसपासच अडकते. फोक्सवॅगनने त्या जीटीआयच्या फक्त पाच हजार गाड्या काढायचे ठरवले होते. पहिल्याच पिढीच्या साडेचार लाखांहून अधिक निघाल्या. अर्थात, तिच्या यशाचे दुसरे कारणही आपल्या निर्णयाशी निगडित आहे. ती वेगवान होतीच, पण तिच्यात चार माणसे आणि त्यांचे सामान मावत असे. घरात दुसरी गाडी नसेल, आईवडिलांना कुठे न्यावे-आणावे लागत असेल, तर दोन आसनी गाडीचा हट्ट धरू नये. दुसरी सोय असेल, तर मी एमएक्स-५च घेईन.

घेण्यापूर्वी इंजिनापेक्षा पत्रा तपासा. या गाडीच्या टपावरचे पावसाचे पाणी मागच्या कोपऱ्यांतील बारीक नळ्यांवाटे खाली जाते. पाने-माती साचून त्या नळ्या तुंबल्या, की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत उतरते आणि पत्रा आतून गंजत जातो. बाहेरून रंग चकचकीत दिसत असतो. मागच्या चाकाच्या लगेच पुढे त्या पट्टीवर मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवून पाहा. जिथे ते चिकटत नाही, तिथे रंगाखाली पुट्टी आहे असे समजा. इंजिनाची दुरुस्ती एक वेळ आटोक्यात राहते, गंजलेल्या सांगाड्याची राहत नाही.

प्रश्न : तरुणपणी एका मित्राची एमजीबी ही दोन आसनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी मी अनेकदा चालवली. तिच्याइतकी वेगवान गाडी पुन्हा हाती आली नाही, असे मी आजवर सांगत आलो. परवा नातवाने जुने आकडे काढून दाखवले, तर शंभरचा वेग गाठायला तिला बारा सेकंदांच्या आसपास लागत असे! त्याची साधी घरगुती गाडीही याहून चपळ आहे. माझी आठवणच खोटी म्हणायची काय? आता एका परिचितांकडची तशीच गाडी चालवण्याची संधी आली आहे. भ्रमनिरास तर होणार नाही ना?

उत्तर : नातवाचे आकडे बरोबर आहेत, आणि आपली आठवणही खोटी नाही. 1962 ते 1980 या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या. 1798 सीसीचे त्यांचे इंजिन आरंभी 95 अश्वशक्तीचे होते. त्याच काळातल्या मूळ मिनीची ताकद होती 34 अश्वशक्ती. आपण जिला वेगवान म्हणत होता, ती त्या वेळी रस्त्यावर असलेल्या गाड्यांच्या मानाने होती, आणि ती तुलना रास्तच होती.

दुसरी गोष्ट म्हणजे वेग आकड्यांत मोजला जात असला, तरी तो जाणवतो अंगाला. एमजीबीत बसणारा माणूस जमिनीच्या इतका जवळ असतो की सत्तरच्या वेगातही रस्ता अंगावर आल्यासारखा वाटतो. टायर अरुंद, त्यामुळे ते घसरू लागतात तेही कमी वेगात आणि आधी सूचना देऊन. स्टिअरिंगला पॉवरची जोड नाही, म्हणून पुढच्या चाकांखालचा प्रत्येक खडा तळहाताला कळतो. आजच्या गाडीत बंद काचांआड, उंच आसनावर बसून एकशे वीसचा वेग गाठला, तरी यातले फारसे काही पोहोचत नाही. आपली आठवण म्हणूनच सेकंदांची नाही, हातापायांची आहे.

मात्र आठवण सोयीचे तेवढेच राखते, हेही लक्षात असू द्यावे. त्या गाडीला हवा-पेट्रोलचे मिश्रण करणारे, एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर असत आणि प्रत्येकाच्या डोक्यावरचे टोपण उघडून आत पातळ तेल भरावे लागे. ते आटले, की ॲक्सिलरेटर दाबताच आतला पिस्टन एकदम वर उसळे, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडे आणि गाडी आचके देई. दोन्ही कार्ब्युरेटरांचा मेळ बसवताना रबरी नळीचे एक टोक कानाला लावून दोन्हीकडचा हवेचा फुसफुसाट सारखा येतो का, हे ऐकावे लागे. आपल्या मित्राने हे सारे निमूटपणे केले असणार. स्टिअरिंग तेवढे आपल्या हाती आले!

संधी जरूर घ्या, फक्त दोन गोष्टी आधी विचारून घ्या. गाडी 1967पूर्वीची असेल, तर पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर टाकताना चाकांचा वेग आपोआप जुळवून घेणारी सोय, नसेल, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नये. आणि ब्रेकला सर्व्हो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा, नसेल, तर आजच्या सवयीने पाय नुसता टेकवून चालणार नाही, चांगला दाबावा लागेल. पहिली दहा मिनिटे मोकळ्या रस्त्यावर काढा. भ्रमनिरास झालाच, तर तो बहुधा ब्रेकबाबत होईल.

प्रश्न : अशा स्वस्त स्पोर्ट्स गाड्या आता का निघत नाहीत? सरकारी नियमांनीच त्या संपवल्या ना?

उत्तर : काही अंशी. 1974च्या अखेरीस अमेरिकेच्या नियमांपायी एमजीबीला जाड रबरी बंपर लावावे लागले आणि गाडीची उंचीही वाढवावी लागली. त्यामुळे ती वळणावर पूर्वीपेक्षा अधिक कलू लागली. परंतु नियम कडक झाल्यावरच, 1989 साली, माझ्दाने 1962च्या लोटस एलान या हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचा आदर्श समोर ठेवून एमएक्स-५ काढली आणि 2016पर्यंत तिची संख्या दहा लाखांवर गेली. 2012 साली टोयोटा आणि सुबारू यांनी मिळून जीटी86 व बीआरझेड ही जोडी आणली, तेव्हा तिला मुद्दामच प्रियससारख्या काटकसरी गाडीच्या जातीचे टायर दिले, जेणेकरून कमी वेगातही गाडी खेळवता यावी. म्हणजे करणाऱ्याला करता येते. जुन्या गाड्यांच्या आठवणींनी गहिवरणारे बहुतेक जण नवी गाडी घेताना मात्र उंच, जड एसयूव्हीचीच नोंदणी करतात. कारखाने गिऱ्हाइकाच्या मागणीकडे पाहतात, उसाशांकडे नाही.

प्रश्न : माझ्याकडे साधी हॅचबॅक आहे. संगणकावरून इंजिनाचे ट्यूनिंग करून ताकद वाढवावी काय?

उत्तर : आधी ताकद नको. प्रथम चांगले टायर घ्या, कारण वेग घेणे, थांबणे आणि वळणे, तिन्ही अखेर त्यांच्याच भरवशावर चालते. मग ब्रेक ऑइल बदला. ते हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि लांब उतारावर ब्रेक तापले, की त्यात वाफ होऊन पेडल खाली जाऊ लागते. त्यानंतर ब्रेक पॅड आणि शॉक ॲब्सॉर्बर पाहा. एवढे करूनही गाडी संथ वाटली, तर ट्यूनिंगचा विचार करा, आणि त्याआधी वॉरंटीच्या व विम्याच्या अटी वाचून घ्या.