वाचकांचे प्रश्न : कवितेत न बोलणाऱ्याचा आवाज

प्रश्न : बहिणाबाई चौधरींच्या ‘अरे संसार संसार’ या कवितेत बोलणारी एकच आहे, तरीही तिच्यात दोन दृष्टिकोन आहेत, असे आमच्या वाचक मंडळातील एकाने मांडले. हे भाषेवरून दाखवता येईल का?
— एक वाचक, यावल

उत्तर : येईल, आणि त्यासाठी कवितेतील नकारांकडे पाहावे. ‘खोटा कधी म्हनू नही’ असे सांगावे लागते, याचा अर्थ संसाराला खोटे म्हणणारा कोणीतरी आहे. तो कवितेत स्वतः बोलत नाही, पण त्याचे शब्द तिथे आहेत : खोटा, लोटा, लोढनं, भीलावा (म्हणजे बिब्बा). कळसाला लोटा म्हणणारा आणि गळ्यातल्या हाराला गुरांच्या गळ्यात अडकवतात ते लोढणे म्हणणारा, असा हा माणूस बहिणाबाईंनी त्याच्याच शब्दांतून उभा केला आहे.

नकाराचे रूपही बदलते, आणि मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते. ‘म्हनू नही’ हा कोणालाही लागू पडणारा दंडक आहे. पुढच्याच कडव्यात ‘येड्या’ अशी हाक येते आणि ‘म्हनू नको रे’ असे त्या एकालाच समजावणे सुरू होते. ‘रे’ने त्यात माया येते.

तरीही कविता त्याला खोटे पाडत नाही. ‘आधी हाताला चटके, तंव्हा मियते भाकर’ या ओळींत चटके मान्य आहेत, फक्त ‘आधी’ आणि ‘तंव्हा’ यांनी त्यांचा क्रम लावला आहे. तक्रार करणारा चटक्यापाशी थांबतो, तर बोलणारी भाकरीपर्यंत जाते. खिरा एका तोंडाशी कडू असतो, हेही ती नाकारत नाही.

भिलाव्याचे कडवे तर आपल्या सातपुड्याकडच्या वाचकाला अधिक कळावे. भिलावा अंगावर उतला की फोड येतात, त्यामुळे संसाराला भिलावा म्हणणाऱ्याचा अनुभव खराच आहे. बहिणाबाई ‘मधी गोडंब्याचा ठेवा’ म्हणतात, तेव्हा फळ तेच राहते. त्याने ते वरून पाहिलेले असते, तर त्यांनी फोडून आतली गोडंबी पाहिलेली असते. तरुणपणी वैधव्य आलेल्या, शेतात राबलेल्या बाईचे हे बोल आहेत. ‘वरून’ काय असते ते त्यांना कोणी शिकवायला नको होते, म्हणूनच त्या समोरच्याला खोडून काढण्याऐवजी ‘नको रे’ म्हणतात.