दिवसभर अभ्यास करतो, मग मार्क जातात कुठे?

"ताई, मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत कधी नापास झाला नाही. आता दिवसभर पुस्तकात डोकं घालून बसतो, मोबाइल आपणहून माझ्या हातात देतो, तरी दोन विषयांत एटीकेटी लागली. त्याचे बाबा म्हणतात, झेपत नसेल तर सोड आणि कामाला लाग. आळशी नाही हो तो. मी काय करू?"

बडोद्यातल्या एका कॉलेजात मी मुलांशी त्यांच्या अभ्यासाबद्दल बोलते, तेच माझं काम. निकाल लागला की असं विचारणाऱ्या आया येतातच, आणि "आळशी नाही हो" हे वाक्य प्रत्येकीच्या तोंडी असतं. वरची आई गेल्या वर्षी आली होती. तिच्या मुलाला विचारून, ओळख पटेल असे तपशील बदलून त्याची गोष्ट इथे सांगते.

घर दांडिया बाजारातलं. पणजोबा गायकवाडांच्या चाकरीत इथे आले आणि इथलेच झाले. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्या काळात या घरातल्या मुली शाळेत जाऊ लागल्या. आईने हे मला पहिल्याच भेटीत सांगितलं, अभिमानाने, आणि लगेच तिचे डोळे भरून आले. "आमच्या आजेसासूबाईसुद्धा शिकलेल्या, आणि हा नापास!" ज्या घराला शिक्षणाचं एवढं कौतुक, तिथे नापास होणं एकट्या मुलाचं राहत नाही, सगळ्या घराचं होतं. मुलगा शेजारी खाली मान घालून बसला होता. आईला मी थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. एकोणीस वर्षांचा मुलगा आहे, त्याचे गुण त्याच्या तोंडून ऐकायचे, आणि तो नको म्हणाला तर घरी सांगायचे नाहीत, हा माझा नियम.

सुरुवातीला मी झोप, जेवण, डोळ्यांचा नंबर आणि घरची कामं यांबद्दल विचारते. मन कशातच लागत नाही, झोप उडाली आहे, जगणं नकोसं वाटतं असं काही निघालं, तर अभ्यासाचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टर. सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत हेल्पलाइनही आहे, तो नंबर माझ्या टेबलावर मोठ्या अक्षरात लावलेला असतो. या मुलाच्या बाबतीत तसं काही नव्हतं. तो दमलेला होता आणि स्वतःवर चिडलेला होता.

मग माझी चूक झाली. मी त्याला वेळापत्रक करून दिलं. पहाटे काय, संध्याकाळी काय, रविवारी काय, सगळं चौकटीत आखून. त्याने ते नीट घडी करून खिशात ठेवलं. पंधरा दिवसांनी आला तेव्हा कळलं की त्याच्याकडे आधीचीच तीन वेळापत्रकं होती: एक बाबांचं, एक मावसभावाचं, एक त्याने स्वतः केलेलं. माझं चौथं. तो रोज सात तास बसत होता, ते माझ्यामुळे आठ झाले, बाकी काही बदललं नाही. तास मोजायच्या नादात त्या तासांत काय चाललंय हे मी विचारलंच नव्हतं.

"इंटर्नलचे तपासलेले पेपर आण," मी म्हटलं. दोनदा आठवण केल्यावर आणले. दप्तराच्या तळाशी गेलेले, चौघडी घातलेले. रसायनशास्त्राचा पेपर उलगडला तर वरचा उजवा कोपरा मागे दुमडलेला. नखाने दाबून दुमडला होता, चांगली ठसठशीत घडी पडली होती. त्या कोपऱ्यात लाल शाईने गुण होते. ते दिसू नयेत म्हणून त्याने कोपरा दुमडला आणि मग पेपरच पुन्हा उघडला नाही. आतल्या पानांवर सरांनी चार ठिकाणी शेरे लिहिले होते. त्यातला एकच त्याने वाचला होता, तोही पेपर हातात पडला तेव्हा, ओझरता.

प्रश्न असा होता: पाण्याचा उत्कलनांक हायड्रोजन सल्फाइडपेक्षा जास्त का आहे, ते स्पष्ट करा. चार गुण. पाणी १०० अंशांना उकळतं, हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंशांच्या आसपास. ऑक्सिजन आणि गंधक आवर्तसारणीत एकाच गटात, दोन्ही रेणूंची रचना सारखीच, आणि तरी एवढी तफावत. फार सुंदर प्रश्न आहे, मला तो अजून आवडतो. आमच्या मुलाने पानभर लिहिलं होतं. हायड्रोजन बंध म्हणजे काय, त्याचे प्रकार दोन, रेणूंमधला आणि रेणूच्या आतला, प्रत्येकाची दोन दोन उदाहरणं. एक वाक्य चुकीचं नव्हतं. गुण दीड. आणि समासात शेरा: 'टू द पॉइंट लिहा.'

"याचा अर्थ काय लावलास?" मी विचारलं.

"कमी लिहायचं," तो म्हणाला. "म्हणून पुढच्या टेस्टला मी अर्ध्या पानातच लिहिलं. तर एकच मार्क मिळाला."

तिथे मला सगळं दिसलं. मुलाने सरांचं ऐकलं होतं, पण सरांना काय म्हणायचंय ते त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. शेरा सरांसाठी स्पष्ट होता, त्याच्यासाठी ती नुसती नाराजी होती.

मी त्याच्या हातात पेन्सिल दिली. "प्रत्येक वाक्य वाच. 'जास्त का?' याचं उत्तर त्या वाक्यात असेल तर बरोबरची खूण कर, नसेल तर गोल काढ." अकरा वाक्यं होती. तो एकेक वाक्यावर थांबत होता, दोन ठिकाणी खूण केली आणि परत खोडली. शेवटी अकरातली दोन उरली. हायड्रोजन सल्फाइडचं नाव पानभर मजकुरात एकदाही आलं नव्हतं. ज्याच्याशी तुलना करायची तोच गायब! हे त्याचं त्यालाच दिसलं आणि तो एकदम ताठ बसला.

मग एका सीनिअर मुलीने लिहिलेलं त्याच प्रश्नाचं उत्तर, तिच्या परवानगीने, मी शेजारी ठेवलं. सहा ओळी. ऑक्सिजन लहान आणि इलेक्ट्रॉन जोरात ओढणारा, म्हणून पाण्याच्या रेणूंमध्ये हायड्रोजन बंध. गंधक मोठा, ओढ कमी, म्हणून तिथे तसे बंध जवळजवळ नाहीत, फक्त क्षीण आकर्षण. बंध तोडायला जास्त ऊर्जा लागते, म्हणून पाणी जास्त तापमानाला उकळतं. त्याने ओळी मोजल्या. "एवढंच?" एवढंच. रॉइस सॅडलर या अभ्यासकाने १९८९ साली मांडलं होतं की अभिप्रायाचा उपयोग व्हायचा तर मुलाला तीन गोष्टी जमायला हव्यात: चांगलं काम कसं असतं ते ठाऊक असणं, आपलं काम त्याच्याशेजारी ठेवून बघता येणं, आणि मधलं अंतर कमी करायला प्रत्यक्ष काहीतरी करणं. आपल्याकडे मुलाला फक्त अंतराचा आकडा सांगतात, दीड, आणि बाकीचं त्याने ओळखावं अशी अपेक्षा ठेवतात.

सरांनाही भेटले. त्यांना दोष देण्याचं माझ्या मनातही नव्हतं. शंभरावर पेपर, आठ दिवसांची मुदत, तरी माणूस समासात शेरे लिहीत होता. मी दोनच विनंत्या केल्या. शेरा 'पुढच्या वेळी' या शब्दांनी सुरू करावा. 'टू द पॉइंट लिहा'च्या जागी 'पुढच्या वेळी दोन्ही पदार्थांची तुलना करा', शाई तेवढीच लागते. आणि पेपर परत देताना गुण दोन दिवस राखून ठेवावेत. रूथ बटलर यांनी १९८८ साली शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग मी त्यांना सांगितला: काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. पुढचं काम सुधारलं ते फक्त शेरे मिळालेल्यांचं. दोन्ही मिळालेली मुलं फक्त गुणवाल्यांसारखीच जागच्या जागी राहिली. आकडा दिसला की शेरा कोण वाचतो! सरांनी पुढच्या टेस्टला गुरुवारी पेपर दिले, शनिवारी गुण सांगितले. मुलांनी कुरकुर केली, पण दोन दिवस शेरे वाचण्यावाचून त्यांना इलाज नव्हता.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि बडोद्यात ती आम्हाला चुकत नाही. घरी मराठी, शाळा गुजराती माध्यमाची, कॉलेज इंग्रजीत. शाळेत तो उत्कलनबिंदू शिकला, कॉलेजात बॉयलिंग पॉइंट. शब्द बदलले तरी चालतं, मुलं ते पटकन उचलतात. अडतं ते प्रश्नाच्या क्रियापदापाशी. डिफाइन, एक्सप्लेन, जस्टिफाय, कम्पेअर हे सगळे शब्द त्याला एकसारखेच वाटत होते: 'त्या विषयावर जे येतं ते लिही.' आम्ही तीन वर्षांचे जुने पेपर घेतले आणि प्रत्येक प्रश्नातल्या त्या एका शब्दाखाली रेघ मारत गेलो. मग मी म्हणायचे, आधी तोंडी सांग, तुझ्या भाषेत. "पाणी एकमेकांना धरून बसतं ने," तो सांगू लागला, "आणि सल्फाइडवाले सुट्टे सुट्टे." उत्तर पक्कं होतं त्याच्याकडे. ते आधी आपल्या भाषेत उभं राहू दिलं, मग इंग्रजीत उतरवलं.

अभ्यासाची रीतही बदलली. तो मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत बसून पिवळ्या पेनने ओळी रंगवायचा आणि तोच धडा तीन-चारदा वाचायचा. मी म्हटलं, एकदा वाच, पुस्तक मिट, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही. चार दिवसांनी रडकुंडीला येऊन सांगायला आला की आता काहीच येत नाही. हे होतंच. परत परत वाचलं की सगळं ओळखीचं वाटतं आणि त्या ओळखीलाच आपण येणं समजतो. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली कॉलेजच्या मुलांवर हेच तपासलं होतं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तर वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि न बघता लिहिलेल्यांना ५६. हे आकडे मी त्याला कागदावर लिहून दिले, कारण धीर धर म्हणण्यापेक्षा त्याला त्याने जास्त धीर आला.

घरच्यांशी एकदाच बोलले. आई रोज म्हणायची, "अरे, तू किती हुशार होतास!" मायेनेच म्हणायची. पण हे ऐकलं की मुलाचं लक्ष चुकलेल्या प्रश्नावरून उडून स्वतःवर जातं: मग आता मी हुशार नाही का? क्लूगर आणि डेनिसी यांनी १९९६ साली अभिप्रायावरचे शेकडो निष्कर्ष एकत्र पाहिले, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर काम बिघडलेलंच आढळलं. लक्ष कामावरून हटून माणसावर गेलं की असं होतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी आईला सांगितलं, किती मार्क पडले ते विचारू नका, हुशारीचंही काढू नका. आज कोणता प्रश्न अडला, एवढंच विचारा. "मला काय कळणार हो त्यातलं?" ती म्हणाली. नाही कळलं तरी विचारा, म्हटलं. बाबा मकरपुऱ्याच्या कारखान्यात पाळीवर असतात, ते आले नाहीत. पण वर्ष पुरं होईपर्यंत कामाचा विषय काढणार नाही असं त्यांनी आईकडून कळवलं आणि ते पाळलं.

पुढच्या परीक्षेत रसायनशास्त्र सुटलं. गणित राहिलं, चार गुणांनी. या वेळी मात्र तो स्वतः विभागात गेला, पेपर बघायला मिळतो का ते विचारलं, रीतसर अर्ज भरला, आणि कुठे अडलो ते वहीत उतरवून माझ्याकडे आला. गणिताचं काम अजून चालू आहे.

रसायनशास्त्राच्या पेपरच्या आदल्या आठवड्यात मात्र आईचा फोन आला होता. रात्री ती झोपाळ्यावर शेंगा सोलत बसली होती, हा समोर येऊन बसला. तिने शिकवल्याप्रमाणे विचारलं, आज काय अडलं? तो म्हणाला, अडलं नाही, ऐक. आणि पाण्याचे रेणू एकमेकांना कसे धरून ठेवतात ते त्याने शेंगा हातात घेऊन मराठीत समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग ताई, मी म्हटलं," ती मला सांगत होती, "पाण्याचं असं, तर गंधकाचं का नाही तसं? तर हा उठून उभाच राहिला. म्हणे, आई, पेपरात हेच विचारतात!"