लाखो ताऱ्यांचे वर्णपट (ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून मिळणारे पट्टे) तपासतं कोण? संगणक ते नेमकं कसं करतो?

बहुतेक काम संगणकच करतो. चीनमधल्या लामोस्त दुर्बिणीला ४,००० प्रकाशतंतू आहेत, म्हणजे एका वेळी हजारो वर्णपट हाती येतात. ते डोळ्यांनी कोण बघणार?

जुना मार्ग असा: वेगवेगळ्या तापमानांचे वर्णपट गणिताने तयार करायचे आणि सगळ्यात जवळचा कोणता ते शोधायचं. ऐकायला सोपं, पण खरी अडचण पुढे आहे. सूर्यासारख्या ताऱ्यात लोखंडाच्या रेषा (लोखंडाने प्रकाश शोषल्यामुळे वर्णपटात पडणाऱ्या काळ्या रेघा) फिक्या दिसल्या, तर लोखंड कमी असेल किंवा तारा जास्त तापलेला असेल. म्हणून तापमान, पृष्ठभागावरचं गुरुत्व आणि धातूंचं प्रमाण एकदमच काढावं लागतं. हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरवरच्या रेषेच्या कडा किती पसरल्यात, यावरून तापमानाचा चांगला अंदाज येतो.

२०१५ सालची 'द कॅनन' ही पद्धत मला फार आवडते. आधीच नीट अभ्यासलेल्या, १९ तारकागुच्छांमधल्या सुमारे ५४० ताऱ्यांवरून ती शिकली आणि अपोजी या ताऱ्यांचे वर्णपट गोळा करणाऱ्या सर्वेक्षणातल्या ५५,००० ताऱ्यांना तिने हीच तीन मूल्यं दिली. नाव ॲनी जंप कॅनन यांचं. या बाईंनी हार्वर्डमध्ये सुमारे साडेतीन लाख ताऱ्यांचं वर्गीकरण स्वतःच्या नजरेने केलं होतं!

एक मात्र लक्षात ठेवा. शिकवणीत नसलेला तारा समोर आला, उदाहरणार्थ जोडतारा (एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे), तरी संगणक आकडा देतोच. त्यामुळे सर्वेक्षणाच्या यादीतला आकडा उचलण्याआधी शेजारचा गुणवत्तेचा रकाना बघाच.