सांता फेमधून 'जुनं' कोल्चा भरतकाम विकत घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा, की अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोला जाताय, एका दुकानाच्या साइटवर संत फ्रान्सिसचं 'स्पॅनिश वसाहतकाळातलं' म्हणून लोकरीचं भरतकाम दिसलं, ते घ्यावं का, खरं कसं ओळखायचं, आणि हे काम करणारं आज कुणी उरलंय का.

मी अल्बुकर्कीला राहते आणि कोल्चा शिकतेय, म्हणून लिहिते. संत फ्रान्सिस आणि वसाहतकाळ हे दोन्ही शब्द एकाच चिठ्ठीवर दिसले, तर त्या किमतीला घेऊ नका. चित्र सुंदर असेलही, पण ते बहुधा १९३०च्या आसपासचं निघेल.

कोल्चा म्हणजे खरं तर पलंगपोस. १५९८ साली स्पॅनिश वसाहतवाले इकडे आले ते चुर्रो मेंढ्या घेऊन. त्यांची लोकर लांब धाग्याची आणि कमी तेलकट, म्हणजे या कोरड्या मुलखात धुवायला पाणी कमी लागतं. ती हाताने कातून सावनिया नावाचं साधं पांढरं कापड विणायचे. माग अरुंद, म्हणून दोन-तीन पट्ट्या जोडून चादर व्हायची. त्यावर बायका लोकरीच्याच दोऱ्याने भरायच्या, आणि इतकं गच्च की खालचं कापड दिसत नसे. ही कापडं घरात पलंगावर आणि देवळात वेदीपाशी, दोन्हीकडे वापरात असत. पण नक्षी बहुतेक वेली, फुलं, पक्षी, भौमितिक आकार अशीच. संतांच्या मूर्ती लाकडात कोरल्या जात, पाटांवर रंगवल्या जात. भरतकामात सगळा प्रसंग काढायची पद्धत त्या काळात अगदी विरळ.

पुढे सुती कापडावर लोकरीने भरायला लागले, तेव्हा मोकळी जागा राहू लागली आणि फुलांचं वळणही बदललं. ती फुलं बघून आपल्याला चिटाच्या कापडाची आठवण होते, आणि ते उगाच नाही. मनिलाहून अकापुल्कोला जाणाऱ्या गलबतांतून हिंदुस्थानी छापील कापड मेक्सिकोत पोचत होतं, आणि त्या वळणाचा या नक्षीवर परिणाम झाला असं अभ्यासक मानतात. १८८०मध्ये रेल्वे आली, गिरणीचं कापड स्वस्त झालं, आणि सावनिया विणणं मागे पडलं.

आता तुमच्या संत फ्रान्सिसकडे वळू. न्यू मेक्सिकोतल्याच ताओस गावाजवळ कार्सन नावाची छोटी वस्ती आहे. १९३०च्या सुमाराला तिथल्या काही मॉर्मन (एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबांनी जुन्या सावनियाचे तुकडे गोळा केले, जुनी विणलेली कापडं उसवून त्यांचा दोरा काढला आणि त्यावर नवी चित्रं भरली. संत, बायसन (अमेरिकन गवे), घोडागाड्या, स्थानिक आदिवासी. बाजारात ती जुनी म्हणूनच खपली, संग्रहालयांतही गेली. म्हणून 'कापड जुनं आहे का बघा, दोरा जुना आहे का बघा' हा नेहमीचा सल्ला इथे लागू पडत नाही. कापड खरंच जुनं, दोरा खरंच जुना, फक्त भरतकाम नवं! दुकानदार खोटं बोलत असेलच असं नाही; त्यालाही कुणीतरी तसंच सांगून विकलेलं असतं.

तरी मी या कार्सनवाल्यांना नुसतं नकली म्हणून मोडीत काढणार नाही. रांचोस दे ताओसच्या फ्रान्सेस व्हारोस ग्रेव्हज याच वर्तुळातून पुढे आल्या, जुनी कापडं दुरुस्त करता करता टाका आत्मसात केला, आणि आयुष्यभर तेच केलं. १९९४ला त्यांना अमेरिकेचा राष्ट्रीय लोककला सन्मान मिळाला. दुरुस्ती करणारीच पुढे कलाकार होते, हे आपल्याकडच्या पैठणी रफू करणाऱ्यांना सांगायला नको.

टाका कसा असतो तेही सांगते, दुकानात उभ्या उभ्या बघता येईल. आकाराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक लांब दोरा आडवा टाकायचा. मग त्याच दोऱ्याने परत येताना त्याच्यावर छोटे तिरके टाके घालून तो दाबत यायचं. दुसरी ओळ पहिलीला चिकटून. सगळी लोकर समोर राहते, मागे जवळजवळ काहीच जात नाही. लोकर हाताने कातलेली असली की ती वाया घालवणं परवडत नाही. मला शिकवणाऱ्या बाई काम हातात घेतलं की आधी उलटं करतात. मागे लांब लांब दोरे दिसले तर एक शब्द न बोलता ते परत करतात. म्हणून तुम्हीही कापड उलटं करून बघा. त्यावरून वय कळणार नाही, पण टाका तोच आहे की लोकरीचं भरीव भरतकाम कोल्चाच्या नावाने खपवलंय, हे लगेच कळतं. ओळींची दिशाही बघा. चांगल्या हाताची पाकळी वळते तशा ओळी वळतात. सगळीकडे आडव्याच असतील तर सोडून द्या.

आज करणाऱ्या बायका आहेत, आणि मी तर म्हणेन पैसे त्यांच्याकडेच घाला. कोलोराडोतल्या सान लुईस गावच्या जोसेफिन लोबाटो यांना २०१९मध्ये तोच राष्ट्रीय सन्मान मिळाला. त्यांच्या कामात सान लुईस खोऱ्यातलं जगणं, सण, देवधर्म असं सगळं उतरलंय. सांता फेला जुलैअखेरीस चौकात स्पॅनिश मार्केट भरतं, १९२६पासूनची परंपरा (मध्ये खंड पडला होता). तारखा जायच्या आधी पक्क्या करा. तिथे कोल्चात ग्वादालुपेची माता, औतासकट शेतकऱ्यांचा संत इसिद्रो, स्वयंपाकघराचा संत पास्कुआल सापडतील. भरतकाम करणारी समोर बसलेली असते, तेव्हा सरळ विचारा: लोकर कुठली, रंग घरचे का? पिवळा बहुधा चामिसा नावाच्या झुडपाच्या फुलांचा, तुरटीत पक्का केलेला, निळा निळीचा, लाल निवडुंगावरच्या कोचिनील किड्याचा. रंगांबद्दल विचारलं की त्या खुलतात. किमतीत मात्र घासाघीस करू नका, तळहाताएवढ्या तुकड्यालाही फार वेळ लागतो.

शिकायचं असेल तर मोठ्या नेढ्याची सुई, जरा जाडसर सुती कापड आणि दुपदरी लोकर एवढ्यावर घरी सुरुवात होते. भरतकाम येत असेल तर टाका हातात बसायला फार वेळ नाही लागत. ओळीला ओळ चिकटवणं मात्र सरावाचं.

घेतलंच काही, तर सामानात गुंडाळून आणा, घडी घालू नका. आणि मुंबई-कोकणात राहत असाल तर पावसाळ्याआधी फ्रेममधून काढून बघत जा. लोकरीला कसर लागते आणि काचेमागे ती उशिरा दिसते.