'फाइन' या इंग्रजी शब्दाचे नेमके अर्थ किती?

ठळक तीन: चांगला, बारीक आणि दंड. 'फाइन सँड' म्हणजे छान वाळू नव्हे, बारीक वाळू. चांगल्या अर्थी 'एक्सलंट' वापरता येतो, दंडासाठी 'पेनल्टी'. एकाच्या जागी दुसरा मात्र चालत नाही.

गंमत म्हणजे तिन्हींचं मूळ एकच, लॅटिन 'फिनिस', म्हणजे शेवट. शेवटास नेलेलं काम ते उत्तम, आणि पैसे भरून वाद मिटवला तो दंड.

खरी फसगत बोलण्यात होते. 'मदत करू का?' विचारल्यावर 'आय अ‍ॅम फाइन' असं उत्तर आलं, तर ते 'नको' असतं. आणि कुणी तुटकपणे नुसतं 'फाइन!' म्हणालं, तर खुशाल समजा, काहीतरी बिनसलंय.