कुंडीतल्या कढीपत्त्याची पानं पिवळी पडतायत, काय करू?
आधी मातीत दोन पेरं बोट घालून बघा. ओल लागली तर पाणी थांबवा. कुंडीतला कढीपत्ता तहानेपेक्षा जास्त पाण्यानेच जातो, मुळं कुजतात. खालचं भोक बुजलंय का तेही पाहा, ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका.

माती ठीक असेल तर पानं नीट बघा. खालची जुनी पानं पिवळी म्हणजे नत्र कमी. मूठभर गांडूळखत घाला. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोह कमी. आपल्याकडे यावर आंबट ताक भरपूर पाणी घालून देतात. महिन्यातून एकदाच द्या. तरी नवी पालवी पिवळीच आली तर चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातलं लोहखत) फवारा.

ऊन 5-6 तास हवंच. थंडीत थोडी पानं गळतात, घाबरू नका, तेव्हा खतही नको.